निकेलचा मुलामा दिलेले बिडाचे पॅन: घ्यावे का, आणि घेतल्यास वापरावे कसे?

खटपटी_स्वयंपाकीण

नमस्कार. गेली सहा वर्षे माझ्याकडे बिडाचे साधे काळे पॅन आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे. पण घरात ते वापरणारी मी एकटी नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. कोणी त्यात टोमॅटोचा सॉस अर्धा अर्धा तास आटवतो, कोणी ते धुऊन ओलेच पालथे घालतो, आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी गंज घासून, तेलाचा हात फिरवून, ओव्हनमध्ये तापवून ते पुन्हा मुरवण्याचे काम माझ्या वाट्याला येते. यातून सुटका व्हावी म्हणून निकेलचा मुलामा दिलेले बिडाचे पॅन घ्यावे असा विचार मनात आला. एका मैत्रिणीकडे असे पॅन होते. तिने ते दोन आठवडे वापरून पाहायला दिले आहे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पॅन इतके गुळगुळीत आणि चकचकीत होते की यात काही चिकटणारच नाही, असे मी गृहीत धरले. थोडे तेल टाकले, अंडे फोडले आणि ते असे घट्ट बसले की पिवळा बलक उलथन्यावर आला आणि पांढरा भाग पॅनलाच राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे तिसऱ्या दिवशी तळाच्या मध्यभागी पिवळसर आणि कडेने निळसर झाक आली, ती साबणाने जात नाही. तिसरी गोष्ट अधिक काळजीची वाटते. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच तपकिरी ठिपके आहेत. ते आधीपासून होते की माझ्या हातून झाले, हे मला सांगता येत नाही, आणि पॅन परत करायचे असल्यामुळे मन जरा खाते आहे.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की हा मुलामा नेमके काय काम करतो आणि तो केवळ दिसण्यापुरता तर नसतो ना. तो निघून अन्नात जातो का? अंडे न चिकटण्यासाठी यालाही काळ्या पॅनसारखे मुरवावे लागते का? विकत घ्यायचे झाल्यास नवे घ्यावे की जुन्या वस्तूंत मिळणारे चालेल? आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे, हेही सांगून ठेवते.

धातूवेडा

माझी बरीच वर्षे मुलाम्याच्या कारखान्यात गेली आहेत, त्यामुळे स्वयंपाकाचे बाकीच्यांनी सांगावे, मी धातूचे सांगतो.

पहिली गोष्ट अशी की मुलाम्याने पॅनचा स्वभाव बदलत नाही. बीड म्हणजे साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि थोडे सिलिकॉन असलेले ओतीव लोखंड. ते उष्णता संथपणे पसरवते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तिचे वहन साधारण चौथ्या हिश्श्याने होते. मात्र एकदा तापले की ते वजनाच्या जोरावर ती उष्णता धरून ठेवते. अशा पॅनचा तळ चार-पाच मिलिमीटर जाड असतो आणि त्यावरचा निकेलचा थर दहा ते चाळीस मायक्रॉनच्या घरात असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वीस मायक्रॉनचा थर धरला, तरी तो तळाच्या जाडीचा अडीचशेवा भाग झाला. एवढ्याशा थराने तापण्यात काही फरक पडावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. फरक पडतो तो एका बाबतीत. काळा पृष्ठभाग उष्णतेचे प्रारण अधिक शोषतो आणि अधिक बाहेरही टाकतो, तर चकचकीत निकेल दोन्ही कमी करते. म्हणून ओव्हनमध्ये काळ्या पॅनला आणि या पॅनला सारखीच वेळ लावली, तर यातल्या पदार्थाची खालची बाजू थोडी फिकी राहू शकते. इंडक्शनची चिंता नको. खाली लोखंडच आहे आणि निकेल स्वतःही चुंबकाला ओढले जाते.

मग मुलाम्याचे काम काय? लोखंड आणि पाणी, तसेच लोखंड आणि आंबट पदार्थ यांच्यामध्ये एक पडदा उभा करणे, एवढेच. हे काम तो चोख करतो, परंतु तो अखंड असेपर्यंतच. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण तुमच्या तपकिरी ठिपक्यांचे उत्तर तिच्यात आहे. पत्र्यावर जस्ताचा थर देतात तेव्हा ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. निकेलचे उलटे आहे. ते लोखंडापेक्षा ‘उच्च’, म्हणजे सहजी न गंजणारे, धातू आहे, म्हणून थराला कुठे सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले आणि तिथे पाणी साचले, की निकेल शाबूत राहते आणि त्या छिद्रातले लोखंडच गंजते. गंज पसरट न येता ठिपक्यांच्या रूपात येतो, तो यामुळे.

आता ते ठिपके नेमके आतल्या कोपऱ्यातच का? विजेच्या साहाय्याने मुलामा देताना प्रवाह उंचवट्यांवर आणि कडांवर एकवटतो. खोलगट कोपऱ्यांत तो कमी पोहोचतो. त्यामुळे पॅनच्या ओठावर थर जाड बसतो आणि तळ व भिंत यांच्या सांध्यात सर्वांत पातळ. त्यात बिडाचा पृष्ठभाग मुळात वाळूच्या साच्यातून आलेला, ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांनी भरलेला आणि सूक्ष्म छिद्रांचा. तो आधी घासून, पॉलिश करून, पुष्कळदा तांब्याचा पातळ थर देऊन मगच निकेलच्या टाकीत जावा लागतो. ही आधीची मेहनत कोणी वाचवली तर माल पहिल्या दिवशी तेवढाच चमकतो आणि सहा महिन्यांनी कोपऱ्यात ठिपके धरतो. आमच्याकडे जुने कारागीर नवा माल हातात आला की मधल्या आरशासारख्या भागाकडे बघतच नसत. अंगठ्याचे नख आधी आतल्या कोपऱ्यातून फिरवत आणि मग दांड्याच्या मुळाशी. तुम्हीही खरेदी करताना तेच करावे.

विजेशिवाय, केवळ रासायनिक द्रावणातून निकेल बसवण्याचीही एक पद्धत आहे. अब्नेर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल यांनी ती १९४६ च्या सुमारास पुढे आणली. तिच्यात निकेलबरोबर थोडा फॉस्फरस बसतो, थर अधिक कठीण असतो आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यात काय, ओठावर काय, जाडी सारखीच राहते. विक्रेत्याला विचारण्यासारखा एकच प्रश्न असेल तर तो हा की मुलामा कोणत्या पद्धतीने दिला आहे. उत्तर देता आले नाही, तरी तेही एक उत्तरच समजावे.

झाक आली आहे ती काळजीचे कारण नाही. निकेल तापले की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि प्रकाशाच्या खेळामुळे तो पिवळा, मग तपकिरी, मग निळा दिसतो. पॅन रिकामे असताना जास्त तापल्याची ती खूण आहे, इतकेच.

रोजचा_रांधप

धातूवेडा यांनी पाया घातला आहे; मी वापराचे सांगतो. माझ्याकडे असे पॅन चार वर्षांपासून रोज चुलीवर आहे, आणि पहिल्या महिन्यात माझ्याही अंड्याची हीच गत झाली होती.

चूक होते ती समजुतीत. पृष्ठभाग गुळगुळीत असला म्हणजे तो न चिकटणारा असतो, असे नाही. अंड्यातील आणि मासळीतील प्रथिने उघड्या धातूला धरतात. स्टीलच्या भांड्यात जे होते तेच निकेलवर होते. काळ्या बिडावर आपण तेल मुरवतो तेव्हा ते तेल कडक होऊन धातू आणि अन्न यांच्या मध्ये एक थर तयार होतो. निकेलवर असा थर धरतो, पण कच्चा. थोडा बसतो, तपकिरी डाग दिसतो, आणि जरा घासले की निघून जातो. म्हणून या पॅनला मुरवण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना मुरवण्याची हौस आहे त्यांनी काळे पॅनच ठेवावे. ते त्याच कामासाठी जन्माला आले आहे.

इथे चिकटणे टाळायचे ते तापमानाने आणि धीराने. माझी पद्धत अशी आहे. पॅन मंद ते मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे ठेवतो, आणि गॅस असेल तर मध्ये एकदोनदा थोडे सरकवतो, कारण बीड ज्योतीच्या वर लगेच तापते आणि कडेला मागे राहते. हाताचा पंजा तळापासून चार बोटे वर धरल्यावर मधे आणि कडेला सारखीच ऊब लागली की तेल टाकतो. अंड्यासाठी मी लोणी वापरतो, कारण लोणी बोलते. ते टाकताच फसफसून लगेच तपकिरी होऊ लागले तर पॅन जास्त तापले आहे. नुसते वितळून गप्प राहिले तर कमी. शांतपणे फेस यावा, आणि तो फेस ओसरू लागला की त्या क्षणी अंडे फोडावे. ते फ्रीजमधून काढून लगेच फोडू नये. मग हात मागे घ्यावा. पहिले मिनिटभर अंडे धरलेलेच असते. कड पांढरी होऊन किंचित वर उचलली गेली की उलथन्याचे टोक खाली सहज सरकते. ज्या क्षणी ते सरकत नाही, त्या क्षणी जोर लावला की तुमच्यासारखे दोन भाग होतात.

काही ठिकाणी पाण्याचा थेंब नाचवून पाहण्याचा सल्ला देतात. थेंब पसरून चुरचुरला तर पॅन थंड, आणि पाऱ्यासारखा गोळा होऊन इकडेतिकडे धावू लागला तर तापलेले. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट याने १७५६ मध्ये ज्या परिणामाचे वर्णन केले तोच हा. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. परंतु ती अवस्था सुमारे दोनशे अंश सेल्सियसला येते. मांस किंवा मासा खरपूस करायला ती ठीक आहे, अंड्याला फार होते. थेंब नाचवून मग अंडे टाकणाऱ्यांनी आच कमी करून दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि बिडाचे दोन-तीन मिनिटांत फारसे काही उतरत नाही हेही लक्षात ठेवावे.

या पॅनचा मला सापडलेला खरा फायदा कोणी फारसा सांगत नाही. त्याचा तळ उजळ आहे. काळ्या पॅनमध्ये कांदा परतताना तळाशी काय चालले आहे ते दिसत नाही. नाकाला करपल्याचा वास आला की कळते. इथे तळाशी धरलेला अंश सोनेरी आहे, तांबूस आहे की काळा पडू लागला आहे, हे डोळ्यांनी दिसते. मासा काढून घेतल्यावर त्यात थोडे पाणी आणि लिंबाचा रस घालून लाकडी उलथन्याने खरवडले की तो सगळा अंश सुटून सॉस होतो. काळ्या पॅनमध्ये हेच केले तर आंबटपणाने मुरवलेला थर सुटतो आणि सॉसला लोखंडाची चव येते. टोमॅटोही खुशाल शिजवावा. मात्र शिजवणे वेगळे आणि साठवणे वेगळे. आंबट पदार्थ रात्रभर त्यात ठेवू नये. निकेल आम्लाला लोखंडापेक्षा पुष्कळ कमी दाद देते, पण अगदीच देत नाही असे नाही.

धुण्याबद्दल थोडक्यात. साबण चालतो, मऊ स्पंज चालतो, तारेची घासणी चालत नाही. ती झाक घालवायची असल्यास खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लेप करावा आणि बोटाने गोलाकार चोळावा. निळसर रंग पूर्ण जाणार नाही आणि जाण्याची गरजही नाही. क्लोरीनयुक्त ब्लीच जवळ आणू नये, मिठाचे पाणी भरून ठेवू नये आणि डिशवॉशरमध्ये घालू नये. काही उत्पादक चालेल म्हणतात, पण मी घालत नाही. तापलेले पॅन थंड पाण्याखाली धरू नये, कारण मुलामा वर असला तरी खाली बीडच आहे आणि ते ठिसूळ आहे. शेवटी कपड्याने पुसून मंद आचेवर मिनिटभर ठेवावे. तुमच्या घरी ओले पालथे घालणारे जे कोणी आहेत, त्यांना एवढे एक मात्र शिकवावेच लागेल. मुलाम्याने त्यांना थोडी अधिक माफी मिळेल, पूर्ण नाही.

इंडक्शनवर एक काळजी घ्यावी. पूर्ण शक्तीवर एकदम सुरू करू नये. खालचे वेटोळे मधला भागच झपाट्याने तापवते, कडा थंड राहतात, आणि या ओढाताणीत जाड बीडसुद्धा वाकते किंवा तडकते. दोन-तीन मिनिटे कमी ठेवून मग वाढवावे. काचेच्या पृष्ठभागावर पॅन ओढू नये, उचलून ठेवावे.

मनगट_महत्त्वाचे

सर्वांचे म्हणणे पटले, पण एक विरोधी सूर लावतो. अडीच किलोचे पॅन एका हाताने तिरपे करून सॉस ओतणे हे प्रत्येकाच्या मनगटाला झेपत नाही, आणि मुलाम्याने वजन रतिभरही कमी होत नाही. शिवाय ओल्या हाताला चकचकीत दांडा काळ्या खरखरीत दांड्यापेक्षा जास्त निसटता वाटतो. तुमची मुख्य तक्रार आंबट पदार्थांची आणि ओलेपणाची असेल, तर आहे ते काळे पॅन ठेवून टोमॅटोसाठी जाड तळाचे स्टीलचे भांडे घेणे अधिक शहाणपणाचे नाही का? घ्यायचेच असेल तर समोरच्या बाजूला धरायला दुसरा छोटा कान असलेले घ्या.

जुन्या_भांड्यांचा_नादी

मनगटाचा मुद्दा खरा आहे, आणि बाजारात गोंधळ नको असेल तर स्टीलचा सल्लाही वाईट नाही. परंतु प्रश्नात जुन्या वस्तूंचा उल्लेख आहे, म्हणून लिहितो.

मुलाम्याची बिडाची भांडी ही आजची टूम नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील ग्रिसवोल्ड आणि ओहायोतील सिडनी येथील, १८९१ मध्ये सुरू झालेली वॅगनर, या दोन्ही प्रसिद्ध ओतशाळांनी साध्या पॅनबरोबर निकेलचा मुलामा दिलेली पॅनेही विकली. त्या काळी काळे पॅन स्वस्त आणि चकचकीत पॅन महाग, असा भेद होता. पुढे क्रोमचा मुलामा व्यवहारात आला तो १९२० च्या दशकात, त्यामुळे क्रोमचे पॅन कोणी त्याहून जुने म्हणून विकत असेल तर हसून पुढे जावे.

निकेल आणि क्रोम ओळखायला चुंबक उपयोगाचा नाही, कारण खालचे लोखंड दोन्हीकडे ओढणारच. डोळ्यांनी ओळखावे. निकेलच्या चमकेत किंचित पिवळसर ऊब असते, क्रोमची चमक निळसर आणि थंड असते. दोन्ही शेजारी ठेवली की क्षणात कळते. एकटे असताना स्टीलचा नवा चमचा शेजारी धरावा. क्रोमचा थर बहुधा निकेलच्या वरच दिलेला असतो आणि तो मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो. तो निकेलपेक्षा खूप कठीण, पण तापल्यावर बिडाच्या निम्म्यानेच फुगणारा. निकेल मात्र बिडाच्या जवळपास फुगते. वर्षानुवर्षे तापणे आणि निवणे चालले की क्रोमवर बारीक भेगा दिसतात आणि एखाद्या ठिकाणी पापुद्रा सुटतो, त्याचे कारण हेच. म्हणून जुने घ्यायचे तर मी निकेलच्या बाजूने आहे, आणि पापुद्रे सुटलेले कोणतेच घेणार नाही. झिजलेले चालते, सुटलेले चालत नाही. झिजलेल्या जागी थर हळूहळू पातळ होत खालचे राखाडी बीड दिसू लागते, तिथे काठ बोटाला लागत नाही. सुटलेल्या जागी काठ नखाला अडकतो, आणि तो काठ पुढे सरकतच राहतो.

हातात घेतल्यावर तीन गोष्टी कराव्यात. पॅन दांड्याच्या भोकातून बोटावर टांगून लाकडी चमच्याने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग मुलामा कितीही सुंदर असो. दुसरे, सपाट फरशीवर ठेवून काठावर बोट दाबावे आणि एक गिरकी द्यावी; भिंगरीसारखे फिरले तर तळाला पोट आले आहे, आणि इंडक्शनवर असे पॅन त्रास देते. जुन्या काही पॅनांच्या तळाला बाहेरून एक उंच कडे असते, तेही काचेच्या शेगडीवर मधला भाग अधांतरी ठेवते. तिसरे, आतला भाग आणि दांड्याचे मूळ. धातूवेडा यांनी नखाचे सांगितलेच आहे.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. जुन्या बिडाच्या भांड्यांत काही लोक शिसे वितळवत असत, मासेमारीची वजने किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी. मुलाम्यावरून ते कळत नाही. ज्या पॅनचा इतिहास माहीत नाही, त्याची शिशाची चाचणी केल्याशिवाय त्यात अन्न शिजवू नये. आणि मुलामा खराब झाला म्हणून तो घरी घासणयंत्राने काढू नये. निकेलची धूळ श्वासातून जाणे घातक आहे. गंज काढण्यासाठी काही हौशी लोक मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात वीज सोडतात, तो प्रयोगही मुलाम्याच्या भांड्यावर नको. क्रोमच्या भांड्यावर उलटसुलट जोडणी झाली तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरू शकते.

नवखी_२१

मध्येच विचारते, क्षमा असावी. मला कानातल्यांमुळे निकेलची ॲलर्जी आहे, कान लाल होऊन खाज येते. मग असे पॅन मी वापरू नये का? आणि वर विषारी क्रोमियमचे वाचले, तर क्रोमचे पॅन मुळातच धोक्याचे नाही का?

धातूवेडा

क्रोमचे आधी सांगतो. विषारी असते ते मुलाम्याच्या टाकीतील षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे एक विरघळलेले रासायनिक रूप. पॅनवर बसलेले क्रोमियम हे धातुरूप असते. स्टीलच्या चमच्यातही क्रोमियम आहेच. धोका टाकीशी काम करणाऱ्याला असतो, जेवणाऱ्याला नाही.

निकेलच्या ॲलर्जीचे इतके सोपे नाही. कानातल्याची ॲलर्जी त्वचेच्या संपर्काची असते. युरोपीय संघाने १९९४ मध्ये अशा वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली, ती यासाठीच. पण ज्यांचे शरीर निकेलला आधीच संवेदनशील झाले आहे, त्यांच्यापैकी काहींना पोटातून गेलेल्या निकेलनेही त्वचेवर पुरळ उठते. निकेल काजू-बदाम, कोको, ओट्स, डाळी यांतही नैसर्गिकरीत्या असते, त्यामुळे पॅन हा एकटा गुन्हेगार नव्हे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये दिवसाकाठी सहन होणारी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १३ मायक्रोग्रॅम अशी ठरवली आहे, तिच्यात हे सगळेच मोजले जाते. निरोगी माणसाने या पॅनमध्ये स्वयंपाक करण्यात मला चिंतेचे कारण दिसत नाही. तुमच्या बाबतीत मात्र आंबट पदार्थ, जास्त वेळ आणि निकेल हे तिन्ही एकत्र येऊ न देणे बरे, आणि पॅन विकत घेण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारणे अधिक बरे. मी तुमच्या जागी असतो तर काळे पॅन घेतले असते.

जाता जाता आणखी एक. लोखंड पोटात जावे म्हणून जे बिडाचे भांडे वापरतात, त्यांनी मुलाम्याचे घेऊ नये. पडदा दोन्हीकडून पडदाच असतो.

खटपटी_स्वयंपाकीण

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी लोण्याची युक्ती केली. फेस ओसरू लागल्यावर अंडे फोडले आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. दीड मिनिटाने कड सुटली आणि अंडे पॅनमध्ये हलवल्यावर हलले. एक कोपरा जरासा धरला, पण तो माझ्या घाईचा होता.

ठिपक्यांचे तेवढे राहिले. ते गंजाचेच आहेत की जळलेल्या तेलाचे, हे कसे ओळखावे?

रोजचा_रांधप

सोड्याचा लेप लावून पाच मिनिटांनी चोळा. तेलाचा डाग मधासारखा चिकट आणि पारदर्शक तपकिरी असतो, तो थोडा थोडा का होईना निघतो आणि परत येत नाही. नंतर त्या जागी ओल्या पांढऱ्या कागदी रुमालाची घडी तासभर ठेवा. उचलल्यावर कागदावर नारिंगी ठिपके उमटले तर तो गंज आहे.

खटपटी_स्वयंपाकीण

कागदावर तीन नारिंगी ठिपके उमटले. बाकीचे दोन सोड्याने निघाले. मैत्रिणीला फोन करून सांगितले. ती म्हणाली की ते तिघे तिला दोन वर्षांपासून माहीत आहेत आणि धुतल्यावर ती तिथे कापसाच्या बोळ्याने तेलाचा थेंब लावून ठेवते. पॅन उद्या परत देते आहे. नवे घेताना मुलाम्याची पद्धत विचारीन, दुसरा कान आहे का ते पाहीन, आणि कोपऱ्यातून नख फिरवून मगच पैसे देईन. काळे पॅन घरातच राहील. त्यात टोमॅटो टाकणाऱ्याच्या हाती मात्र ते आता लागणार नाही.

धातूवेडा

तेलाच्या थेंबाची युक्ती योग्य आहे. छिद्र तेलाने भरले की पाण्याला जागा राहत नाही. मैत्रिणीने फक्त एवढे करावे की तेल लावण्याआधी पॅन कोमट असावे, म्हणजे छिद्रातला ओलावा आधी निघून जाईल. नाहीतर तो तेलाखाली कोंडला जाईल.